हार्ड डिस्कची डुलकी

फोन येतो, पंधरा-वीस मिनिटं बोलणं होतं, आणि माणूस पुन्हा लॅपटॉपकडे वळतो. अर्धवट राहिलेलं पत्र सेव्ह करायला जावं तर पडदा गोठलेला. माउसचा बाण हलतो, बाकी काहीच हलत नाही. तीन-चार सेकंदांनी सगळं एकदम सुरळीत होतं, आणि पुढचा तासभर तक्रारीला जागा राहत नाही. जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: व्हायरस असेल, रॅम वाढवा, फॉरमॅट मारा.

यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट पाहावी. अडकणं नेमकं कधी होतं? सलग काम चालू असताना, की थोड्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या क्लिकला? दुसरं असेल तर बऱ्याचदा बिघाड कशातच नसतो. वीज वाचवण्याच्या सेटिंगप्रमाणे हार्ड डिस्क झोपलेली असते, आणि तिला जागं व्हायला वेळ लागतो.

लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे फिरत्या तबकडीवरची माहिती शोधून वाचायला एरवी सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. पण मोटर थांबलेली असेल, तर आधी तबकड्यांनी पूर्ण वेग घ्यायचा आणि मगच वाचणारं हेड त्यांच्यावर आणायचं. हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, आणि वेगाशिवाय तो थर तयारच होत नाही. म्हणून इथे घाई चालत नाही. शांत खोलीत लॅपटॉपला कान लावला, तर चढत जाणारी घरघर ऐकूही येते.

विंडोजच्या ‘बॅलन्स्ड’ योजनेत साधारणपणे चार्जर लावलेला असताना २० मिनिटांनी आणि बॅटरीवर १० मिनिटांनी निष्क्रिय डिस्क बंद होते. ही मुदत बदलता येते. कंट्रोल पॅनलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन चालू योजनेची ‘अॅडव्हान्स्ड’ सेटिंग्ज उघडावीत आणि ‘हार्ड डिस्क’खालच्या ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ला शून्य द्यावं. शून्य म्हणजे ‘नेव्हर’, कधीच नाही. चार्जर आणि बॅटरी यांचे आकडे वेगळे असतात. एकच बदलून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

बॅटरी लवकर संपेल ही भीती थोडीच खरी आहे. नुसती फिरत राहणारी अडीच इंची डिस्क साधारण एका वॅटच्या आतच वीज खाते, पण वेग घेताना काही सेकंद पाच वॅटच्या आसपास ओढते. प्रत्येक सिग्नलला स्कूटर बंद करून पुन्हा किक मारण्यासारखा हा हिशेब आहे. थांबा लांबला तर फायद्याचा, नाहीतर नुसता खटाटोप.

इतकं करूनही अधूनमधून बारीक ‘टक्’ ऐकू येत असेल आणि क्षणभराचा अडथळा जाणवत असेल, तर विंडोजच्या या मुदतीपलीकडे पाहावं लागतं. अनेक डिस्कमध्ये स्वतःचीच काटकसर भरलेली असते. तिचं नाव एपीएम. काही सेकंद काम नसलं की मोटर चालू ठेवून हेड तेवढं बाजूच्या उतारावर नेऊन ठेवायचं, म्हणजे लॅपटॉपला धक्का बसला तरी तबकडीवर ओरखडा उठत नाही. उद्देश चांगला, पण अतिरेक वाईट. हेडच्या अशा फेऱ्यांसाठी बनवणारे सहसा तीन ते सहा लाखांची मर्यादा सांगतात. दर अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली, तर रोज आठ तास वापरात तीन लाखांचा आकडा वर्षाच्या आतच गाठला जातो. २००७ मध्ये उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांत याच आकड्यावरून मोठी ओरड झाली होती. दोष लिनक्सचा, की लॅपटॉप आणि डिस्क बनवणाऱ्यांनी आधीच भरलेल्या सेटिंगचा, यावर बराच वाद रंगला.

हा आकडा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्राममध्ये ‘लोड/अनलोड सायकल काउंट’ नावाने दिसतो, आणि डिस्क मानत असेल तर एपीएमची पातळीही तिथेच बदलता येते. पातळी १ ते २५४ अशी असते. १२८ च्या खाली मोटर थांबवायला मुभा, त्यावर नाही, आणि २५४ म्हणजे काटकसर सर्वांत कमी. लिनक्सवर हेच काम ‘एचडीपार्म’ करतो. काही डिस्क बंद करून चालू केल्यावर ही सूचना विसरतात, तेव्हा ती पुन्हा द्यावी लागते. यूएसबीला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या डबीतल्या सर्किटला स्वतःचं घड्याळ असतं, आणि विंडोजमधल्या शून्याला ते जुमानेलच असं नाही.

सलग काम चालू असतानाही डिस्क अडकते, टकटक थांबत नाही, आणि त्याच प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’चे आकडे वाढताना दिसतात? मग सेटिंगशी खेळत बसू नये. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत आणि मगच लॅपटॉप दुकानात न्यावा. तिथे एसएसडी टाकायला सांगतील. तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे तबकड्यांनी वेग घेण्याची वाट पाहावी लागत नाही.