लंडनचे वार्तापत्र : विद्यार्थ्याला सावरणारी व्यवस्था

लंडन, ऑक्टोबर

कुर्डुवाडीहून पुण्यास आणि पुण्याहून इकडे शिक्षणासाठी येणाऱ्या मुलामुलींचे पालक जेव्हा काही विचारतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा फीचा, खोलीभाड्याचा, नाहीतर जेवणाखाण्याचा असतो. परंतु परक्या मुलखात मूल अभ्यासात मागे पडले, आजारी झाले किंवा मनाने खचले, तर त्याला सावरणारे तेथे कोण आहे, हा सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आजचे पत्र त्याच्या उत्तरासाठी आहे.

येथील बहुतेक विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्यास एक मार्गदर्शक अध्यापक नेमून दिलेला असतो, आणि वर्षभरात ठरलेल्या वेळी त्याची विचारपूस करणे हे त्या अध्यापकाच्या नोकरीचेच काम मानले जाते. याखेरीज निबंधाची मांडणी आणि संदर्भांची शिस्त शिकवणारे वर्ग, अपंग किंवा डिस्लेक्सियाग्रस्त विद्यार्थ्यास परीक्षेत जादा वेळ मिळवून देणारा विभाग, समुपदेशक आणि अडचणीच्या वेळी अर्थसाहाय्य मंजूर करणारा कक्ष असतो. त्यांपैकी अपंगांच्या सोयीची बाब 2010 च्या समानता कायद्याने बंधनकारक केलेली असल्यामुळे ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

या व्यवस्थेचे मर्म एका साध्या अर्जात दिसते. समजा, निबंध देण्याची मुदत सोमवारी संपते आहे आणि शुक्रवारी रात्री माढा तालुक्यातील घरून आजोबा गेल्याचा फोन आला. विद्यार्थी संगणकावर ठरावीक अर्ज उघडतो; काय घडले, केव्हा घडले आणि कोणत्या विषयाच्या कोणत्या कामावर त्याचा परिणाम झाला, एवढेच रकाने त्यात असतात; सोबत दाखला जोडावयाचा असतो, आणि थोड्या दिवसांच्या मुदतवाढीसाठी तर कित्येक विद्यापीठे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निवेदनावरच भागवतात. कोणाची शिफारस लागत नाही, कोणाच्या दारात ताटकळावे लागत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातील कामगार आजारी पडला म्हणजे डॉक्टरांचा दाखला देऊन हक्काची रजा घेतो आणि बरा झाला म्हणजे कामावर हजर होतो. त्याला कोणी दुबळा म्हणत नाही, आणि येथील विद्यार्थ्याच्या या अर्जाकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाते.

विद्यापीठाचाच निर्णय अन्यायाचा वाटला, तर विद्यार्थी संघाच्या कचेरीत बसलेला सल्लागार तक्रारीचा मसुदा करून देतो आणि सुनावणीच्या वेळी विद्यार्थ्याच्या शेजारी बसतो. तेथेही दाद लागली नाही, तर इंग्लंड आणि वेल्स यांकरिता 2004 च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे विनामूल्य जाता येते. रात्रीच्या एकांतात मन सैरभैर झालेल्यांसाठी ‘नाइटलाइन’ ही दूरध्वनीसेवा आहे; 1970 मध्ये एसेक्स विद्यापीठात तिचा आरंभ झाला, ती विद्यार्थीच चालवतात, आणि बोलणाऱ्याचे नाव न विचारता, उपदेश न करता त्याचे म्हणणे ऐकून घेणे हा तिचा दंडक आहे.

या व्यवस्थेत उणिवाही आहेत. समुपदेशकाच्या भेटीसाठी पुष्कळदा आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. शिवाय अठरा वर्षांवरील विद्यार्थी सज्ञान असल्यामुळे त्याच्या संमतीवाचून त्याचा निकाल अथवा आजार विद्यापीठ सामान्यतः आईवडिलांनाही कळवत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच, अडचणीच्या प्रसंगी कोणास कळवावे, हे मुलांनी नोंदवून ठेवावे, असा आग्रह पालकांनी धरला पाहिजे.

विद्यार्थ्याची वाट मध्येच अडली असता संस्थेने ती खुली ठेवणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1916 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. 1920 मध्ये ते परत आले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. अफाट कष्ट त्यांचे स्वतःचे होते. पण ती परवानगी नसती, तर त्या कष्टांना रस्ताच उरला नसता.

आपल्याकडे ही परंपरा नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले वसतिगृह, कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आणि पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती यांनी खेड्यातील मुलांना भाकरी आणि छप्पर दिले, आणि त्यावाचून आपल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झालाच नसता. मात्र प्रवेश मिळाल्यानंतर वर्षाच्या मध्यावर अडखळणाऱ्या मुलाला आपल्या महाविद्यालयांत आधार मिळतो तो एखाद्या सहृदय प्राध्यापकाच्या स्वभावामुळे. तो प्राध्यापक निवृत्त झाला की आधारही संपतो. हा चांगुलपणा नियमात उतरावा, एवढेच इंग्लंडकडून शिकण्यासारखे आहे, आणि त्याला मोठा खर्च लागत नाही.

आपल्या तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयाने, अडचण आल्यास विद्यार्थ्याने कोणाकडे, कोणत्या वेळी आणि कोणता अर्ज घेऊन जावे, हे फलकावर ठळक अक्षरांत लिहावे. त्याच फलकावर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा अहोरात्र चालणारा विनामूल्य क्रमांकही असावा. आणि पालकांनी मुलांना निरोप देताना एवढे अवश्य सांगावे की, मदत मागण्यात कमीपणा नाही आणि ती वेळेवर मागणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.