दवाखान्यात गोळ्या नाहीत? 181 लावा, पण घाईने "समाधान झालं" म्हणू नका



16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. हातात पैसा नसतो आणि नेमकं तेव्हाच घरात ताप-जुलाब. सरकारी डॉक्टरने लिहिलेलं औषध बाहेरून विकत आणायचं म्हटलं की उसनवारी आलीच. खरं तर मध्य प्रदेशात 2012 पासून निःशुल्क औषध वितरण योजना आहे. ठरलेल्या यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवीत.

नाही मिळाली तर खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका, साठा काही तो मागवत नाही. सीएम हेल्पलाइन 181 लावा. "तिथे लक्षच देत नाहीत" असं मोघम नको. दवाखाना, तारीख, औषधाचं नाव सांगा. पर्चीचा फोटो काढून ठेवा, तक्रार क्रमांक जपा.

तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते. मुदतीत निपटली नाही तर वरच्याकडे, अशा चार पायऱ्या आहेत. खरी गोम पुढे आहे. फोन येतो, "तक्रार बंद करायची ना?" आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात, मग तक्रार तिथेच संपते. वरच्या साहेबाला साठा संपल्याचं कळतच नाही. औषध हातात आल्याशिवाय हो म्हणू नका.

जाळं ओढताना साप चावला, घरी बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर मात्र 181 नाही, थेट 108.

फोनवर बोलायला जमत नसेल तर पर्ची घेऊन सोसायटीत या, आपण मिळून लावू.