चमच्याच्या कारखान्यातला मुलगा आणि मेजवानीचे तिकीट

अमेरिकेतल्या एखाद्या शहरातले बऱ्यापैकी हॉटेल. मोठ्या दिवाणखान्यात गोल टेबले मांडलेली, प्रत्येकाभोवती आठ-दहा खुर्च्या, मधोमध फुले. बायका ठेवणीतल्या पोशाखात, पुरुष काळ्या सुटात. आपल्याला वाटावे, कुणाच्या तरी लग्नाचे रिसेप्शन आहे. पण नवरा-नवरी कुठेच दिसत नाहीत. त्यांच्याऐवजी टेबलाटेबलाशी एकेक तरुण बसलेला असतो, थोडासा अवघडलेला. शेजारची आजीबाई त्याला विचारत असते, "तुझ्या आईला कसं वाटलं रे, तू हे ठरवलंस तेव्हा?"

हे तरुण म्हणजे उद्याचे कॅथलिक धर्मगुरू. आणि ही मेजवानी त्यांच्या शिक्षणाचा खर्च उभा करण्यासाठी. अमेरिकेत तिला ‘गाला’ म्हणतात. तिथले अनेक धर्मप्रांत वर्षातून एकदा असा समारंभ भरवतात.

वाचकहो, पहिला प्रश्न मनात येतो तो साधाच. धर्मगुरू व्हायला एवढा पैसा कशाला? तर शाळा संपवून आलेल्या मुलाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, आठ ते नऊ वर्षे काढावी लागतात. पदवी घेऊन आला तरी सहा-सात वर्षे चुकत नाहीत. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, बायबलचा अभ्यास, प्रवचनाचा सराव, इस्पितळात आणि तुरुंगात जाऊन करायची सेवा, असा तो भरगच्च कार्यक्रम असतो. २०२२ साली अमेरिकेत जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात तर सुरुवातीला एक तयारीचे वर्षच वाढवले आहे. शिकवणी, राहणे, जेवण, विमा हे सगळे धरून एका विद्यार्थ्यामागे वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर खर्च येतो, असे अनेक धर्मप्रांत सांगतात. आपल्या हिशेबात पस्तीस लाखांच्या घरात! हा खर्च बहुतांशी धर्मप्रांत उचलतो. कारण पुढे या मुलाला मोठा पगार मिळायचा नाही. डॉक्टर-वकिलासारखे कर्ज काढून शिकावे आणि मागाहून फेडावे, ही सोयच इथे नाही.

उलट कर्ज हीच मोठी धोंड आहे. अमेरिकेत कॉलेजचे शिक्षण कर्जावर चालते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पदवी हातात घेतो तेव्हा डोक्यावर हजारो डॉलरचे ओझे असते. अशा मुलाला धर्मगुरू व्हायचे असेल, किंवा मुलीला नन व्हायचे असेल, तर अनेक ठिकाणी अट असते की आधी कर्ज फेडा, मग या. मिनेसोटा राज्यातली लाबुरे सोसायटी नावाची संस्था अशाच मुलामुलींना कर्जफेडीसाठी मदत गोळा करून देते. मनात हाक ऐकू आली तरी बँकेचा हप्ता सुटत नाही, अशी ही अवस्था. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची गोष्ट ज्या घरात मुलांना सांगितली जाते, त्या घराला हे अधिक समजावून सांगायला नको.

आता मेजवानीकडे वळू. पैसा उभा राहतो तो चार-पाच वाटांनी. एकेका माणसाचे तिकीट असते, पण खरी मिळकत आख्खे टेबल विकत घेणाऱ्यांकडून होते. दुकानदार, वकील, बांधकामवाले, शवपेट्या पुरवणारे, चर्चचे भाविक अशी कितीतरी मंडळी टेबल घेतात आणि त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापली जातात. जेवणाआधी मूक लिलाव चालतो. भिंतीकडेला वस्तू मांडलेल्या असतात, समोरच्या कागदावर आपली बोली लिहायची. आताशा ती मोबाईलवरूनही लावता येते. पुढे जेवणानंतर तोंडी लिलाव. समुद्राकाठच्या बंगल्यात आठवडाभर मुक्काम, सामन्याची तिकिटे, आणि हमखास लोकप्रिय बोली म्हणजे स्वतः धर्मगुरूंनी रांधलेले जेवण. बिशपसोबत जेवायलाही लोक चांगली रक्कम मोजतात.

शेवटी जो प्रकार होतो तो पाहण्यासारखा. प्रत्येकाच्या हातात क्रमांक लिहिलेली पट्टी असते. पुकारणारा मोठ्या आकड्यापासून सुरुवात करतो. "दहा हजार डॉलर कोण देणार?" एखाद-दुसरी पट्टी वर जाते. मग पाच हजार, एक हजार, पाचशे. उतरत उतरत तो शंभरावर येतो, तेव्हा दिवाणखानाभर पट्ट्याच पट्ट्या दिसतात. या पैशाच्या बदल्यात कुणाला काहीच मिळत नाही, ना बंगला, ना तिकीट. आणि हे पुकारे सुरू होण्याच्या जरा आधी एका विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे करतात. तो आपली कहाणी सांगतो. नोकरी सोडली, लग्न ठरत आले होते ते थांबले, वडील वर्षभर बोलले नाहीत, असे काहीबाही. ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावतात आणि पट्ट्या भराभर वर जातात. यात थोडे नाटक आहे, हे कबूल केले पाहिजे. माझ्या मनात तर दुसरीही शंका येते, की हॉटेलचे भाडे, फुले आणि मांसाचा महागडा तुकडा यांतच अर्धी रक्कम जात नसेल ना? चांगले संयोजक म्हणून समारंभाचा खर्च एखाद्या दात्याकडून आधीच वसूल करून घेतात. तिथला करकायदाही मजेशीर आहे. तिकिटातून जेवणाची रास्त किंमत वजा जाता जी रक्कम उरते, तेवढीच दान धरली जाते. म्हणजे पोटात गेले ते दान नव्हे, असे सरकारनेच ठरवून टाकले आहे.

पण या झगमगाटाच्या मागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती पितळेच्या कारखान्यातून सुरू होते.

कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावात पॅट्रिक मॅकगिव्हनी हा आयर्लंडहून आलेला मजूर पितळेच्या कारखान्यात ओतकाम करी. त्याला तेरा मुले झाली, त्यातली सहा लहानपणीच गेली. थोरला मायकेल, जन्म १८५२ चा. तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो कारखान्यात चमचे बनवायच्या खात्यात लागला. घरात एक पगार वाढला. सोळाव्या वर्षी मात्र तो धर्मगुरू होण्यासाठी कॅनडात शिकायला गेला. पाच वर्षे झाली, आणि जून १८७३ मध्ये घरून निरोप आला की वडील वारले. मायकेल परत आला. आईपाशी लहान भावंडे, कमावता माणूस गेलेला, शिक्षणाला पैसा नाही. इथेच त्याचे शिक्षण संपायचे. पण हार्टफर्डच्या बिशपांनी खर्चाची व्यवस्था केली आणि त्याला बाल्टिमोरच्या सेंट मेरीज सेमिनरीत पाठवले. १७९१ साली स्थापन झालेली ही अमेरिकेतली पहिली कॅथलिक सेमिनरी. २२ डिसेंबर १८७७ रोजी मायकेलला गुरुदीक्षा मिळाली.

पुढे न्यू हेवनच्या चर्चमध्ये काम करताना त्याने पाहिले, की घरचा पुरुष मेला की मजुराच्या बायकापोरांचे हाल कुत्रा खात नाही. स्वतःच्या घरी पाहिलेलेच होते ते. १८८२ साली त्याने मजूर-कारागिरांना एकत्र करून ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही परस्पर साहाय्याची संस्था उभी केली. प्रत्येकाने वर्गणी भरायची, आणि कुणी गेला तर त्याच्या विधवेला ठरलेली रक्कम द्यायची. १८९० साली, जेमतेम अडतीस वर्षांचा असताना, मायकेल वारला. त्याच्या संस्थेचे आज वीस लाखांच्या आसपास सभासद आहेत. आणि १९८१ पासून तिची एक योजना आहे. गावोगावच्या शाखेने एखाद्या सेमिनरीच्या विद्यार्थ्याला पाचशे डॉलर द्यावेत, की मुख्य कार्यालय त्या शाखेला शंभर डॉलर परत करते. हे पैसे कुठल्या हॉटेलात जमत नाहीत. उपवासाच्या शुक्रवारी मासे तळून विकणे, रविवारी सकाळी चर्चच्या तळघरात नाश्ता करून वाढणे, अशा खटपटीतून ते येतात. मला विचाराल तर गालापेक्षा हे माशांचे तळण अधिक मोलाचे. पण दोन्ही पैसे एकाच तिजोरीत पडतात, हेही खरे.

गरिबाच्या मुलाला कोण शिकवणार, हा प्रश्न कॅथलिक चर्चला फार पूर्वीच पडला होता. ट्रेंट या गावी भरलेल्या धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला, की प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी. त्यात एक वाक्य स्पष्ट घातले होते. निवड मुख्यतः गरिबांच्या मुलांची व्हावी. श्रीमंतांच्या मुलांना मनाई नाही, मात्र त्यांनी आपला खर्च आपण करावा. पैसा कुठून आणायचा तेही लिहिले होते. बिशपांच्या आणि चर्चच्या उत्पन्नातून ठराविक हिस्सा कापून घ्यायचा. म्हणजे तेव्हा कर होता, आता मेजवानी आहे.

या कथेचा एक धागा थेट आपल्या पुण्याला येऊन मिळतो. फ्रान्सच्या काँ शहरात स्तेफानी बिगार ही विधवा आणि तिची मुलगी जान राहत असत. १८८९ साली जपानमधल्या नागासाकीचे फ्रेंच बिशप कुझँ यांचे पत्र त्यांना आले. शिकायला तयार असलेली जपानी मुले आहेत, पण पैशाअभावी त्यांना परत पाठवावे लागते, अशी व्यथा त्यात होती. या मायलेकींनी आपल्या राहणीला कात्री लावली आणि घरोघर पत्रे लिहून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. एकरकमी ठेव ठेवायची, तिच्या व्याजावर एक विद्यार्थी कायमचा शिकत राहील, अशीही सोय केली. यातूनच ‘सेंट पीटर द अपॉसल’ ही संस्था उभी राहिली. १९२२ साली पोपनी ती आपल्या छत्राखाली घेतली, आणि आशिया-आफ्रिकेतल्या सेमिनऱ्यांना ती आजही मदत देते.

पुढे चारच वर्षांनी, जून १८९३ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी एक परिपत्रक काढले. हिंदुस्थानातले धर्मगुरू हिंदुस्थानातलेच असावेत, आणि त्यांच्या सेमिनऱ्यांसाठी युरोपच्या भाविकांनी पैसा द्यावा, असे आवाहन त्यात होते. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या कँडी इथे सेमिनरी सुरू झाली. तिच्या बोधवाक्याचा आशय असा, की हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. १९५५ साली ही पेपल सेमिनरी पुण्यात नगर रस्त्यावर आली. आज त्या रस्त्याने रोज हजारो लोक जातात-येतात. या घराचा पाया युरोपातल्या अनोळखी भाविकांच्या वर्गणीवर उभा आहे, हे किती जणांना माहीत असेल?

तुझेच पुत्र, हे ठीक. पण पुत्रांमधले कोणते? इथे आपल्याला थांबावेच लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केले. सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी सुमारे १ कोटी २० लाख दलित आहेत आणि नेतृत्वात मात्र ते फारच थोडे आहेत, हे चर्चने त्यात स्वतःच मान्य केले. तिकीट घेणाऱ्या अमेरिकन आजीबाईला जात माहीत नसते. पण तिचा डॉलर जिथे पोचतो, तिथल्या माणसांना ती चांगलीच माहीत असते.

म्हणूनच अँथनी पूला यांचे नाव इथे घ्यायचे. जन्म १९६१ चा, आंध्र प्रदेशातला. सातवीनंतर गरिबीमुळे त्यांची शाळा सुटली. मिशनऱ्यांनी मदत केली म्हणून ती पुन्हा सुरू झाली. पुढे बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत शिकून १९९२ साली ते धर्मगुरू झाले, २००८ साली कर्नूलचे बिशप, नंतर हैदराबादचे आर्चबिशप. २७ ऑगस्ट २०२२ रोजी रोममध्ये त्यांना कार्डिनलपद मिळाले. भारतातले ते पहिले दलित कार्डिनल. तेराव्या वर्षी चमच्याच्या कारखान्यात गेलेला मायकेल आणि सातवीत घरी बसलेला अँथनी, दोघांमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी शाळा सुटण्याचे कारण एकच.

इकडे अमेरिकेत १९६५ साली जवळपास ५९ हजार धर्मगुरू होते, अलीकडे ते ३४ हजारांच्या आसपास उरले आहेत. कुटुंबे लहान झाली, एकुलता एक मुलगा चर्चला द्यायला आईबापाचे मन धजत नाही. त्यामुळे तिथल्या कितीतरी चर्चमध्ये आता भारतातून, आफ्रिकेतून, फिलिपाइन्समधून आलेले धर्मगुरू मिस्सा करतात. पूला हेही कार्डिनल होण्याच्या खूप आधी, २००१ ते २००३ या काळात, शिकागोच्या धर्मप्रांतात सेवा करून आले आहेत.