गुहेत सापडली गिटार!

दोस्तांनो, एक गाणं किती मिनिटांचं असावं? तीन? चार? फार तर सहा? आज ज्या गाण्याबद्दल सांगणार आहे, ते संपायला तब्बल वीस मिनिटं लागतात! एलपी रेकॉर्डची अख्खी एक बाजू या एकट्या गाण्यानं व्यापलीय. गाण्याचं नाव '२११२', अल्बमचं नावही तेच. उच्चार करायचा 'ट्वेंटी-वन ट्वेल्व्ह'. कॅनडातल्या टोरांटोच्या 'रश' या बँडचा हा अल्बम १९७६ साली आला.

अशा संगीताला म्हणतात हेवी प्रोग्रेसिव्ह रॉक. नाव जड आहे, पण घाबरू नका. हेवी म्हणजे गिटारचा जाड, दणदणीत आवाज. प्रोग्रेसिव्ह म्हणजे धृपद-कडवं-धृपद हा ठरलेला रस्ता सोडून भटकणारं संगीत. त्यात लांबलचक रचना असतात, ताल मध्येच बदलतो आणि पुष्कळदा एखादी गोष्टही सांगितलेली असते.

एवढा मोठा आवाज काढणारे होते फक्त तिघं! गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन हे शाळेपासूनचे दोस्त. गेडी गातो आणि बेस गिटार वाजवतो, अ‍ॅलेक्स गिटार. ड्रम्सवर होता नील पीअर्ट. तो २०२० साली वारला. गंमत म्हणजे बहुतेक गाण्यांचे शब्द हा ड्रमरच लिहायचा!

बुडायचंच, तर मनासारखं वाजवून!

या अल्बमच्या आधी बँडची हालत वाईट होती. १९७५ मध्ये आलेल्या 'कॅरेस ऑफ स्टील'मध्येही जवळजवळ वीस मिनिटांचं एक गाणं होतं. तो अल्बम फारसा खपला नाही. त्या वेळच्या दौऱ्याला तर या तिघांनीच थट्टेनं बुडीत दौरा ठरवून टाकलं. रेकॉर्ड कंपनीला हवी होती रेडिओवर वाजतील अशी छोटी, सुटसुटीत गाणी.

तिघांनी काय केलं? पुन्हा वीस मिनिटांचं गाणं! तेही थेट पहिल्या बाजूला!

काय आहे गोष्ट?

सन २११२. ग्रहाग्रहांवर सिरिंक्सच्या मंदिरांतल्या पुजाऱ्यांचं राज्य आहे. लोकांनी काय वाचायचं, काय ऐकायचं, सगळं तेच ठरवतात. एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनी वस्तू सापडते. तिला तारा आहेत. ती असते गिटार! त्यानं ती आयुष्यात कधी पाहिलेलीच नसते.

इथं कान टवकारून ऐका. पाण्याची खळखळ ऐकू येते. मग तारा एकेक करून छेडल्या जातात, थोड्या बेसूर. कुणीतरी खुंट्या पिळून त्या सुरात लावतंय. मग एखादा सूर, मग दोन, आणि हळूहळू चक्क एक चाल उभी राहते. लाइफसन हा केवढा कसलेला वादक! पण इथं तो पहिल्यांदाच गिटार हातात घेतलेल्या मुलासारखा वाजवतो. अख्ख्या अल्बममध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा हीच.

तरुण धावत पुजाऱ्यांकडे जातो. गेडी ली इथं दोघांचेही आवाज काढतो. तरुण मऊ आवाजात बोलतो, तर पुजारी कानठळ्या बसतील अशा टिपेच्या आवाजात ओरडतात. शब्द कळले नाहीत, तरी कोण बोलतंय ते बरोबर कळतं! शेवटी पुजारी गिटार पायाखाली चिरडून टाकतात. तरुण खचतो आणि जीव देतो. त्यानंतर प्रचंड रणधुमाळी आणि एक गूढ घोषणा. सत्ता कुणाच्या हाती गेली, हे नीट कळतच नाही.

माझं भांडण आहे!

लाइफसनशी नाही हं, गोष्ट लिहिणाऱ्या पीअर्टशी. मला हा शेवट मुळीच पटत नाही. पुजाऱ्यांनी मोडली ती एक गिटार. त्या पोराच्या डोक्यातली चाल कुठं मोडली? तारा कशा लावायच्या, हे तो आपलं आपण शिकला होता. शिवाय त्यानं वाजवून दाखवलं कुणाला? फक्त पुजाऱ्यांना! एखाद्या मित्राला, शेजाऱ्याला बोलावलं असतं तर? मोठ्यांनी 'नाही' म्हटलं म्हणजे सगळ्या जगानंच 'नाही' म्हटलं, असं थोडंच असतं?

खुद्द रशचंच बघा ना. त्यांनी आपलं गाणं थेट श्रोत्यांपुढं ठेवलं आणि श्रोत्यांनी ते उचलून धरलं. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या तीस लाखांवर प्रती गेल्या! बँड पुढं २०१५ पर्यंत दौरे करत राहिला. म्हणजे पीअर्टनं लिहिलेल्या शेवटापेक्षा त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी जगून दाखवलेला शेवटच जास्त चांगला!

दुसऱ्या बाजूला काय?

दुसऱ्या बाजूला पाच छोटी गाणी आहेत, पण ती पहिलीच्या तोडीची नाहीत. त्यातलं पहिलं नशेच्या पदार्थांसाठी जगभर भटकणाऱ्यांचं. वाजवलंय झकास, पण विषय पोकळ. 'टिअर्स' हे संथ गाणं मात्र सुरेख आहे. शेवटचं 'समथिंग फॉर नथिंग' सांगतं, की फुकट काहीच मिळत नाही. या तिघांनी ते म्हणावं हे शोभतंच!

ऐकायचं असेल तर एक करा. वीस मिनिटं मोकळी काढा आणि मध्ये उठू नका. सुरुवातीच्या वाद्यसंगीतात चायकोव्हस्कीच्या '१८१२ ओव्हर्चर'चा तुकडा लपलाय, तो सापडतो का बघा. १८१२ आणि २११२, बरोबर तीनशे वर्षांचं अंतर!

आणि ऐकून झालं, की वही काढा. गिटार मोडल्यावर त्या तरुणानं पुढं काय करायला हवं होतं? तो शेवट तुम्ही लिहा. पीअर्टपेक्षा बरा जमेल, पैज लावतो!