मरणोत्तर शौर्यपदक आणि आप्तांचा अर्ज

लढाईंत माणूस पडल्याची तार घरीं येते तेव्हां तिच्यांत फार थोडा मजकूर असतो. नांव, पलटण, तारीख आणि सरकारतर्फे सहानुभूतीचे चार शब्द. तो कसा पडला, पडण्यापूर्वीं त्यानें काय केलें, हें घराला कळतें तें पुढें कधीं तरी, रजेवर आलेल्या एखाद्या सोबत्याच्या तोंडून. तो वृत्तांत ऐकल्यावर घरांतील वडील माणसांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो: एवढें करून गेलेल्या मुलाला पदक कां मिळालें नाहीं, आणि तें आतां मागतां येईल काय? अनेक देशांतील कुटुंबांनीं हा प्रश्न आपापल्या सरकारला विचारला आहे. कांहींनीं तो दोन दोन पिढ्या विचारला आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं पदकांचे प्रकार आणि त्यांमागील नियम नीट समजून घेतले पाहिजेत.

सैनिकी पदकें मुख्यतः दोन प्रकारचीं असतात. पहिला प्रकार सेवापदकांचा. अमुक युद्धांत, अमुक प्रदेशांत, ठराविक काळ नोकरी केली म्हणजे हें पदक हक्कानें मिळतें. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत इटलींत लढलेल्यांना इटली स्टार आणि ब्रह्मदेशांत लढलेल्यांना बर्मा स्टार मिळाला तो याच न्यायानें. शिपाई कामास आला म्हणून हा हक्क बुडत नाहीं. तो वारसाकडे जातो. अशा पदकासाठीं शौर्याचा पुरावा लागत नाहीं, फक्त नोकरीची नोंद लागते. त्या युद्धांतील हिंदी फौजेच्या स्टार पदकांवर शिपायाचें नांव व नंबर कोरलेला असे, ब्रिटिश फौजेच्या स्टारवर तो नसे. म्हणून जुन्या पेटींत सांपडलेलें असें एखादें पदक कोणाचें, हें आपल्याकडे पुष्कळदां पदकच सांगतें.

दुसरा प्रकार शौर्यपदकांचा. हें पदक हक्काचें नव्हे. एका विशिष्ट दिवशीं, एका विशिष्ट ठिकाणीं केलेल्या कृत्यासाठीं तें दिलें जातें आणि त्याची सुरुवात अर्जानें होत नसून शिफारशीनें होते. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर ती शिफारस लिहितो. प्रत्यक्ष पाहणारांच्या जबान्या तिला जोडल्या जातात. वरचे अधिकारी एकामागून एक तिच्यावर आपलें मत देतात. आणि शेवटीं राष्ट्राच्या प्रमुखाची मान्यता मिळाल्यावर तें नांव गॅझेटमध्यें छापून येतें. या सगळ्या साखळींत कुटुंबाला कोठेंच जागा नाहीं. जिवंत शिपायाला निदान आपल्या अधिकाऱ्यापुढें उभें राहतां येतें. मेलेल्याची बाजू मांडणारे फक्त साक्षीदार, आणि पुष्कळदां तेही त्याच्याबरोबरच गेलेले असतात.

त्यांतून मृतांना शौर्यपदक द्यावें कीं नाहीं, हाच मुळीं एके काळीं वादाचा विषय होता. १८५६ सालीं ब्रिटनमध्यें व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना झाली, तेव्हां मरणोत्तर पदकाची तरतूद करण्यांत आलेली नव्हती. एखादा शिपाई असामान्य पराक्रम करून मेला, तर तो जगता तर त्याची शिफारस झाली असती, एवढी नोंद गॅझेटमध्यें होई. पदक मात्र घरीं येत नसे. हिंदुस्थानांतील एका वेगळ्या सन्मानानें त्याच शतकांत निराळा दाखला घालून दिला. कंपनी सरकारनें १८३७ सालीं सुरू केलेला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान, १२ सप्टेंबर १८९७ रोजीं सारागढीची चौकी लढवतांना कामास आलेल्या ३६ व्या शीख पलटणींतील एकवीसही शिपायांना देण्यांत आला. त्यांपैकीं एकही जण तो घेण्यासाठीं उरला नव्हता.

व्हिक्टोरिया क्रॉसची ही रीत दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धानें मोडली. त्या युद्धांत पडलेल्या सहा जणांचीं पदकें १९०२ सालीं त्यांच्या आप्तांना देण्यांत आलीं. मग साहजिकच पूर्वीं पडलेल्यांचा प्रश्न निघाला. २२ जानेवारी १८७९ रोजीं झुलू सैन्यानें इसान्डल्वाना येथें ब्रिटिश छावणीचा धुव्वा उडवला, तेव्हां लेफ्टनंट मेल्व्हिल यानें २४ व्या रेजिमेंटचें निशाण वांचवण्याचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नांत तो व त्याचा सोबती लेफ्टनंट कॉगहिल हे दोघेही बफेलो नदीच्या कांठीं मारले गेले. मेल्व्हिलच्या विधवा पत्नीनें १९०६ सालीं थेट राजे सातवे एडवर्ड यांच्याकडे अर्ज केला. जानेवारी १९०७ मध्यें मेल्व्हिल, कॉगहिल आणि आणखी चार जण, अशा सहा जुन्या वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्या चौघांतील तिघे हिंदुस्थानच्या भूमीवरील लढायांत पडलेले होते: एक १८५७ सालीं दिल्लींत, एक १८५८ सालीं अयोध्या प्रांतांत आणि एक १८९७ सालीं स्वातच्या खोऱ्यांत. सर्वांत जुन्या पराक्रमाला तोंवर सुमारें पन्नास वर्षें लोटलीं होतीं. एका विधवेच्या अर्जानें उघडलेल्या दारांतून जे आंत गेले, त्यांत तिचे कोणी नव्हते असेही होते.

परंतु हें दार पूर्ण उघडलें नाहीं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर देतां येऊं लागला. त्याच्या खालचीं बहुतेक पदकें मात्र जिवंतांसाठींच राहिलीं. डिस्टिंग्विश्ड कॉंडक्ट मेडल, मिलिटरी मेडल यांसारखीं पदकें मेलेल्या शिपायाला मिळत नसत. रणभूमीवर शत्रूसमोर पडलेल्या शिपायाच्या बाबतींत सेनापतीपुढें दोनच मार्ग असत. एक तर सर्वोच्च असा व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीं तर सर्वांत कनिष्ठ असा सन्मान, म्हणजे सेनापतीच्या खलित्यांत नामोल्लेख. मधल्या पायऱ्याच नव्हत्या. ज्याचें कृत्य व्हिक्टोरिया क्रॉसच्या मापाला थोडें उणें ठरलें, तो थेट शेवटच्या पायरीवर येई. जगला असता तर मधलें एखादें पदक त्याच्या छातीवर नक्की लागलें असतें. ही विसंगति ब्रिटननें दूर केली ती १९७९ सालीं. म्हणजे दोन्ही महायुद्धें या नियमाखालींच लढलीं गेलीं.

या नियमाच्या दोन टोकांना उभीं असलेलीं दोन माणसें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें महाराष्ट्रांतलें. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हांच्या कुलाबा आणि आतांच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते एका तुकडीचे नायक होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांची तुकडी अगदीं जवळून मशीनगनच्या माऱ्याखालीं सांपडली आणि ते एकटे सोडून बाकी सर्व जण मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि काडतुसें भरण्यास वेळ नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानें ठार केलें. तेवढ्यांत छातींत व पाठींत गोळ्या लागून त्यांनीं तेथेंच देह ठेवला. त्यांचें वय तेव्हां बावीस वर्षांचें होतें. चार महिने होण्यापूर्वींच त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांच्या थडग्याचा पत्ता नाहीं; त्यांचें नांव कॅसिनो येथील स्मारकावर, थडगीं ज्ञात नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नांवांत कोरलेलें आहे. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे.

दुसरें माणूस ऑस्ट्रेलियांतलें. टेडी शीन हा टास्मानियांतील एका शेतकरी वस्तींत जन्मलेला अठरा वर्षांचा साधा खलाशी. १ डिसेंबर १९४२ रोजीं तिमोर बेटाजवळ त्याच्या आर्मिडेल या लहान युद्धनौकेवर जपानी विमानांनीं हल्ला केला. टॉर्पेडो लागून नौका कलली आणि ती सोडून जाण्याचा हुकूम झाला. पाण्यांत उतरलेल्या खलाश्यांवर विमानें गोळ्या झाडूं लागलीं. शीन स्वतः जखमी झाला होता. तरी तो नौकेच्या मागील भागांतील तोफेकडे परतला, स्वतःला तिच्याशीं पट्ट्यानें बांधून घेतलें आणि गोळीबार सुरू केला. त्यानें एक विमान पाडलें. तोफ पाण्याखालीं जाईपर्यंत ती चालू होती, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. नौकेवरील १४९ जणांपैकीं ४९ जण वांचले.

शीनला काय मिळालें? खलित्यांत नामोल्लेख. मधली पायरी नसल्यामुळें वरची नाहीं तर खालची, एवढाच निवाडा उरला होता. पुढें ऑस्ट्रेलियाच्या एका पाणबुडीला त्याचें नांव देण्यांत आलें. तरी त्याच्या आप्तांचें आणि टास्मानियांतील लोकांचें समाधान झालें नाहीं. २०१३ सालीं पूर्ण झालेल्या एका सरकारी चौकशीनें जुना निर्णय कायम ठेवला. आप्तांनीं पुन्हां दाद मागितली. २०१९ सालीं सैनिकी सन्मानांविषयींच्या न्यायाधिकरणानें त्याला व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा अशी शिफारस केली. २०२० च्या मे महिन्यांत सरकारनें ती नाकारली. मग तज्ज्ञांचें एक मंडळ नेमलें गेलें, त्यानें पुरावा पुन्हां तपासला आणि न्यायाधिकरणाच्या बाजूनें कौल दिला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें राणीची मान्यता आली आणि १ डिसेंबर २०२० रोजीं, म्हणजे नौका बुडाल्याला बरोबर ७८ वर्षें झालीं त्या दिवशीं, व्हिक्टोरिया क्रॉस शीनच्या कुटुंबाच्या हातीं देण्यांत आला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाला मिळालेलें तें पहिलें व्हिक्टोरिया क्रॉस होय.

ही हकीकत ऐकून सरकारांच्या कठोरपणाचा राग येणें स्वाभाविक आहे. पण त्यांच्या बाजूलाही वजन आहे. पदकाची किंमत तें देतांना लावलेल्या मापांत असते. ज्या अधिकाऱ्यांनीं त्याच महिन्यांत शेंकडों शिफारशी पाहिल्या, त्यांना एका कृत्याची दुसऱ्याशीं तुलना करतां येत होती. साठ वर्षांनंतर खोलींत बसून कागद वाचणाराला ती करतां येत नाहीं. साक्षीदार वारलेले असतात, उरलेल्यांची स्मृति पुसट झालेली असते, आणि ज्याचे आप्त शिकलेले, चिकाटीचे व वजनदार, त्यालाच पदक मिळण्याचा धोका असतो. ज्याच्या मागें कोणीच उरलें नाहीं त्याचें काय? म्हणूनच ब्रिटनमध्यें पांच वर्षांहून जुन्या घटनेसाठीं नवें शौर्यपदक सहसा देत नाहींत. इतरत्र जेथें असे अर्ज ऐकले जातात, तेथेंही केवळ शौर्य मोठें होतें एवढें सांगून भागत नाहीं. मूळ निर्णयाच्या वेळीं कारभारांत चूक झाली, किंवा त्या वेळीं पुढें नसलेला पुरावा आतां मिळाला, यांपैकीं एक तरी गोष्ट दाखवावी लागते.

स्वतंत्र भारतानें ही अडचण आरंभींच ओळखली. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र हीं तीन पदकें २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालीं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना तीं लागू करण्यांत आलीं. हीं तिन्ही पदकें मरणोत्तर देतां येतात. म्हणजे मधल्या पायऱ्या मेलेल्यासाठींही खुल्या आहेत. पहिलें परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना ३ नोव्हेंबर १९४७ च्या बडगामच्या लढाईबद्दल मिळालें, तेंही मरणोत्तरच. आजवरच्या एकवीस परमवीरांपैकीं चौदा जण तें घेण्यास हयात नव्हते.

तेव्हां ज्या घरांत असा प्रश्न आजही विचारला जात असेल, त्या घराला करण्यासारखें पुष्कळ आहे. प्रथम सेवापदकें आणि शौर्यपदक यांची गल्लत करूं नये. सेवापदकें मिळालीं नसतील तर तो हक्काचा विषय आहे आणि त्याची विचारणा पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावी. मराठा रेजिमेंटचें तें ऑफिस बेळगांवीं आहे. त्यासाठीं शिपायाचा नंबर, पूर्ण नांव, पलटण आणि मृत्यूची तारीख हीं चार माहितीचीं कलमें बिनचूक हवींत. शौर्यपदकाचा प्रश्न असेल, तर आधीं पुरावा जमवावा आणि मग अर्जाचा विचार करावा. पलटणीच्या युद्धदैनंदिनींत त्या दिवसाची नोंद असते. पूर्वीं शिफारस झाली होती कीं काय, तिचें पुढें काय झालें, हेंही कागदांत सांपडूं शकतें. सोबत्यांचीं पत्रें, त्यांवरील तारखा, पाकिटांवरचे शिक्के, हें सर्व जपून ठेवावें. आणि त्या दिवशीं तेथें असलेला एखादा वृद्ध सैनिक अजून हयात असेल, तर त्याच्याकडे आधीं जावें. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावे, त्याखालीं तारीख घालावी आणि त्याची सही घ्यावी. सरकारी कागद आणखी वर्षभर कपाटांत वाट पाहील. माणूस पाहीलच असें नाहीं.

इतकें करूनही पदक मिळेलच असें कोणी आश्वासन देऊं शकत नाहीं. पण शीनच्या आप्तांनीं लावून धरलें नसतें, तर त्या खलाश्याच्या शेवटच्या घटकांचा इतका बारकाईनें शोध सरकारनें स्वतःहून घेतला नसता. अर्ज फेटाळला गेला, तरी तो करण्यासाठीं जमवलेला वृत्तांत घरांत राहतो. तारेच्या चार ओळींत जें मावलें नव्हतें, तें त्यांत असतें. आणि ज्या मुलांनीं आपल्या आजोबांना किंवा चुलत आजोबांना कधीं पाहिलें नाहीं, त्यांना तें वाचतां येतें.