खरेदीखतापासून सातबाऱ्यापर्यंत

मुळशी तालुक्यातल्या मुठा गावात कुणी जमीन घेतली, की खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं. पैसे दिले, सह्या-अंगठे झाले, तरी सातबाऱ्यावर नाव लगेच चढत नाही. नोंदणी खातं वेगळं, महसूल खातं वेगळं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ प्रमाणे अशा व्यवहाराची खबर नोंदणी खात्याने महसूल खात्याला द्यायची असते. ती कागदावर जाई तेव्हा मधल्या दिवसांत तीच जमीन दुसऱ्याच्या गळ्यात मारायला लबाडाला वाव मिळे. आता नोंदणीच्या ‘आय-सरिता’तून ती महसूलच्या ‘ई-फेरफार’कडे जाते.

दोन परक्या प्रणालींमध्ये निरोप्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला आम्ही संगणकवाले मिडलवेअर म्हणतो. बँका, विमा, कारखाने, सगळीकडे ते असतं. माझी नोकरी त्यातच चालली आहे. त्याचा पहिला नियम असा, की पलीकडचा सर्व्हर बंद असला तरी निरोप हरवता कामा नये. म्हणून तो रांगेत लिहून ठेवतात आणि पोच मिळाल्यावरच काढतात. आयबीएमने १९९३ साली आणलेलं एमक्यूसिरीज याच तत्त्वावर उभं होतं. पोचच वाटेत हरवली तर निरोप पुन्हा जातो. म्हणून प्रत्येकाला क्रमांक हवा, नाहीतर एका दस्ताचे दोन फेरफार व्हायचे.

पत्ता नावावरून ठरवणं धोक्याचं. मुठा हे गाव आहे, नदी आहे आणि कालवाही. त्यामुळे यंत्राला गावाचा संकेतांक लागतो.

खरी मेख भाषांतरात असते. बोलण्यात आणि कधी दस्तातही एकर-गुंठे येतात. सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटर बोलतो. गुंठा म्हणजे आर, असं सर्रास धरतात. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा. एका एकरात, म्हणजे ४० गुंठ्यांत, हा फरक ४७ चौरस मीटरवर जातो: सुमारे पाचशे चौरस फूट, दोन खोल्यांचं घर! रूपांतराचा नियम लिहिणाऱ्याने हा आळस केला, तर यंत्र तो प्रत्येक दस्ताला इमानेइतबारे लावत राहील. नावांचंही तसंच. दस्तात पाटील, सातबाऱ्यावर पाटिल. माणूस एकच, हे यंत्राला कोण सांगणार? जुळत नसलेला निरोप बाजूला काढून माणसापुढे ठेवावा. अंदाजाने जुळवणारी यंत्रणा मला चलाख नव्हे, घातकी वाटते.

निरोप पोहोचला म्हणजे हक्क ठरला असं नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. तोवर काय? ऑनलाइन सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ अशी एक ओळ असते. जमीन घेणाऱ्याने नाव आणि क्षेत्र पाहण्याआधी ती वाचावी. तिथे क्रमांक दिसला, तर कुणाचा तरी निरोप अजून वाटेत आहे.