संसर्गयुक्त इसबावरील संयुक्त मलम : उपयोग व मर्यादा

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो आणि पावसाळ्यातील दमट हवेत अंगावरचा घाम सुकत नाही. जळगावकडील केळीच्या बागांत अथवा धुळ्याकडील कपाशीच्या शेतांत राबणाऱ्यांना त्वचेचे विकार जडले, तर त्यात नवल नाही. बांधावरील गाजरगवताच्या स्पर्शानेही काहींना तीव्र इसब होते. ते खाजवल्याने त्वचा सोलली जाते, लस वाहू लागते, पिवळसर खपल्या धरतात. अशा वेळी स्टेरॉइड व प्रतिजैविक यांचे संयुक्त मलम देण्याचा प्रघात आहे. त्यामागील तर्क कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग १९५२ साली सल्झबर्गर व विटन यांनी प्रसिद्ध केला. स्टेरॉइडाने दाह व खाज शमते, परंतु जीवाणू मरत नाहीत. उलट स्थानिक प्रतिकारशक्ती काहीशी मंदावते. म्हणून फ्युसिडिक आम्ल, निओमायसिन किंवा जेंटामायसिन यांची जोड देण्यात येऊ लागली. तर्क सरळ दिसतो. तथापि इसबग्रस्त त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू संसर्गाची लक्षणे नसतानाही पुष्कळदा आढळतो. दाह ओसरून त्वचेचे आवरण सुधारले, की केवळ स्टेरॉइडानेही त्याची संख्या घटते. यास्तव जीवाणूचे अस्तित्व आणि जीवाणूमुळे झालेला रोग यांत भेद करणे अवश्य आहे.

या प्रश्नावरील पुरावा विचार करावयास लावणारा आहे. ब्रिटनमध्ये सौम्य संसर्गयुक्त इसब असलेल्या ११३ मुलांवर करण्यात आलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना स्टेरॉइड व स्निग्ध मलम दिले होते. त्यांपैकी काहींना तोंडाने व काहींना त्वचेवर प्रतिजैविकही दिले. दोन आठवड्यांनंतर प्रतिजैविकामुळे लक्षणीय लाभ झाल्याचे दिसले नाही. दुसऱ्या बाजूस प्रतिरोधी जीवाणू बळावण्याचा धोका असतो. निओमायसिनने तर स्वतःच संपर्कजन्य इसब उद्भवू शकते.

आपल्याकडे याहून मोठा धोका निदानातील चुकीचा आहे. गजकर्ण हा कवकजन्य रोग इसबासारखा भासतो. त्यावर संयुक्त मलम लावताच खाज थांबते, रोगी समाधान पावतो आणि नळी संपेपर्यंत कवक मात्र निर्वेधपणे पसरत राहते. चट्ट्याची ठळक कडा पुसट झाल्याने पुढील निदानही अवघड होते. टर्बिनाफाइनला अनेकदा दाद न देणाऱ्या ज्या कवकास २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले, त्याच्या भारतातील प्रसारास स्टेरॉइडयुक्त मलमांच्या गैरवापराने हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधमिश्रणांवर बंदी घातली. त्यांत स्टेरॉइड, प्रतिजैविक व कवकनाशक यांची काही मिश्रणेही होती. परंतु कायद्याने निदान होत नाही. ते दवाखान्यातच करावे लागते.

म्हणून मलम लिहून देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. लस, खपल्या, वेदना किंवा ज्वर अशी संसर्गाची खरी चिन्हे आहेत काय? चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला काय? आणि रोग्याने यापूर्वी कोणते मलम लावले आहे? संसर्गयुक्त इसबाचे निदान पक्के व क्षेत्र मर्यादित असेल, तर संयुक्त मलम एक आठवडा, फार तर दोन आठवडे द्यावे आणि पुढे आवश्यकतेनुसार केवळ स्टेरॉइड व स्निग्ध मलम चालू ठेवावे. संसर्ग पसरलेला असेल किंवा ज्वर असेल, तर मलमावर विसंबू नये.

खाज थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. ही गोष्ट रोग्यास समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.